साडेतीन कोसांवरचं परदेश

ठाण्यात गोखले रोडच्या मागच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीवर मी गेली चौदा वर्षं आयईएलटीएस आणि ओईटीचं स्पीकिंग शिकवते. परदेशी जाणाऱ्यांच्या या इंग्रजीच्या परीक्षा. पहिली कोणीही देतं, दुसरी नर्स-डॉक्टर मंडळी देतात. नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी कोणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, ॲक्सेंट किती दिवसांत येतो?" जणू स्कूटर शिकायची आहे. आणि निकाल लागल्यावर पेढे द्यायला येतात तेव्हा सोबतची आई किंवा मावशी मला जरा बाजूला घेऊन म्हणते, "तिकडं जाऊन बदलणार नाही ना हो ही?"

दोन्ही प्रश्न एकाच घरातले. मुलीला ॲक्सेंट यायला हवा, पण मुलगी बदलायला नको.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आयईएलटीएसचं स्पीकिंग ११ ते १४ मिनिटांचं असतं आणि गुण चार गोष्टींना मिळतात: ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. उच्चारात बघतात ते तुमचं बोलणं समोरच्याला विनासायास कळतंय का, एवढंच. तुम्ही लंडनचे वाटता का, याला अर्धा बँड, म्हणजे अर्धा गुणही नाही. हे सांगितलं की निम्मा वर्ग खूश होतो आणि निम्म्यांना फी वाया गेल्यासारखं वाटतं.

आईचा प्रश्न अवघड आहे. मी तिला "नाही हो, काही बदलत नाही" म्हणून वाटेला लावते, आणि ते खोटं असतं. बदलते. बोलणं तर बदलतंच. ते बदलू द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मत मला लीड्स किंवा टोरांटोकडे बघून सुचलेलं नाही. त्याची सुरुवात ठाणे-बेलापूर रोडवर झाली.

मी नवी मुंबईतल्या घणसोलीची, आगरी समाजातली. पाचवीत बापानं ठाण्याच्या शाळेत घातलं. बसनं कळव्यावरून जायचं, पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी तुंबलं की दांडी. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात उभी राहून म्हणाले, "बाई, मना पानी पायजे." वर्ग हसला. बाईही हसल्या, वाईट मनानं नव्हे, पण हसल्या. आणि फळ्यावर लिहिलं: मना नाही, मला. पानी नाही, पाणी. आमच्या घरात गाडीला गारी म्हणत आणि डोळ्याला डोला. दिवाळीपर्यंत माझा ळ, माझा ण, माझा ड सगळे जागच्या जागी आले होते. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. मला साडेतीन कोस पुरले.

त्या वेळी कोणी म्हणालं का, की पोरीची ओळख पुसली? उलट बापूस चारचौघांत सांगायचा, पोर चांगलं बोलायला लागली म्हणून. त्याला 'सुधारणा' म्हणत. आमच्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबई वसवायला सिडकोनं घेतल्या, त्यासाठी मोर्चे निघाले, १९८४ साली जासईच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले. बोलीसाठी मात्र कोणी रस्त्यावर आलं नाही. ती आम्ही आपल्या हातानं, दप्तरासोबत, बसच्या दारात ठेवून गेलो.

म्हणून 'फॉरेनला जाऊन ॲक्सेंट मारतो' हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडून आलं की मला आधी त्याचं गाव विचारावंसं वाटतं. गावाकडचा हेल सोडून पुण्या-ठाण्याचं बोलायला लागलेला माणूस शिकलेला, आणि ठाण्याचं सोडून टोरांटोचं बोलायला लागलेला शेफारलेला? दोघांनी केलं एकच. आपण ज्यांच्यात राहतो, ज्यांच्याकडून पगार घेतो, ज्यांच्यासमोर हसू होऊ नये असं वाटतं, त्यांच्यासारखं तोंड वळवलं. एका बदलात आपण वर उभे होतो, दुसऱ्यात खाली राहिलो. राग त्याचा आहे.

माझं तोंड दुसऱ्यांदा वळवलं गेलं ते २००२ साली, महाप्याच्या एमआयडीसीतल्या एका कॉल सेंटरात. अमेरिकेची रात्रपाळी, सहा आठवड्यांचं ट्रेनिंग. तिथं एक शब्द रोज ऐकायचे: एमटीआय. मदर टंग इन्फ्लुअन्स. मूल्यमापनाच्या कागदावर त्याचा वेगळा रकाना होता आणि ट्रेनर बीपी सांगावं तसं सांगायची, "तुझा एमटीआय फार हाय आहे, कमी कर." मातृभाषेचा परिणाम हा असा उतरवायचा आजार. मजा म्हणजे माझा हाय एमटीआय ज्या मराठीचा होता तीही शाळेत घोटून घेतलेलीच. आईची भाषा त्याच्याही खाली गाडलेली, तिथवर त्या रकान्याचा हात पोचत नव्हता. मला 'रेचल' हे नाव मिळालं. पहाटे कॅब घणसोलीला सोडायची, आई दार उघडायची, आणि एकदा मी झोपेत तिला "थँक यू फॉर होल्डिंग" म्हणाले.

उच्चार बदलायला लावल्याचं मला तेव्हाही फारसं वाटलं नाही, आजही नाही. नावाचं मात्र वाटलं. त्याकडे नंतर येते.

आधी हे सांगते की ॲक्सेंट ही केवढी शारीरिक गोष्ट आहे, कारण त्यावर बोलणाऱ्या पुष्कळांनी ती हातात घेऊन पाहिलेली नसते. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी फाडायची आणि ओठांसमोर धरायची. म्हणा 'पेन'. आपला मराठी प म्हटला तर पट्टी जेमतेम थरथरते. इंग्रजाचा शब्दारंभीचा प श्वासाचा झोत घेऊन येतो, पट्टी फडफडते. त्यांचा कान त्या झोतावरच प ओळखतो. झोत नसला की आपलं 'पिन' त्यांना 'बिन' ऐकू जाऊ शकतं. आपल्याला झोत येत नाही असं थोडंच आहे? फणस म्हणताना येतो, खळं म्हणताना येतो. पण तो आपण फ, ठ, थ, ख यांच्यासाठी राखून ठेवलाय, उगीच प वर उधळत नाही. ट म्हणताना आपली जीभ मागे वळून टाळूकडे जाते, त्यांची दातांच्या मागच्या उंचवट्यावर टेकते. अर्ध्या बोटाचं अंतर. आपल्याकडे व एकच, त्यांचे दोन. त्यातल्या दातांनी ओठ दाबून म्हणायच्या व साठी मराठीनं 'व्ह' लिहायची सोय केली, व्हॅन, व्हिडिओ, व्होल्टेज. बॅट आणि ऑफिससाठी लिपीवर चंद्र चढवला. एवढा सगळा एमटीआय मराठीनं उलट्या बाजूनं पचवला, आणि मराठी मराठीच राहिली. खुद्द आपल्या घरात 'माझा' आणि 'माझी' यांतला झ एक नाही, चार आण्यांचा च आणि गुरांच्या चाऱ्याचा च एक नाही, आणि आपण ते कळतही नसल्यासारखे बोलत असतो.

सर्वांत महागडी गोष्ट असते आघाताची. फिफ्टीन आणि फिफ्टी. मराठीत शब्दातल्या कुठल्या भागावर जोर दिला यानं अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण दोन्ही शब्द एकाच सपाट सुरात म्हणतो. औषध १५ मिलीग्रॅम द्यायचं की ५० हे फोनवरून सांगताना हा सपाटपणा जिवावर बेतू शकतो. म्हणून माझ्या नर्सेसना मी जोर कुठं द्यायचा ते शिकवतेच, आणि वर 'वन फाइव्ह', 'फाइव्ह झीरो' असे आकडे सुटे करून सांगायची सवयही लावते. हे करताना कोणाची मराठी अस्मिता दुखावली जात असेल तर तिनं वॉर्डाबाहेर थांबावं.

माझी एक विद्यार्थिनी, तळवलीची, तीन वर्षं लीड्सच्या एका रुग्णालयात आहे. गेल्या थंडीत भावाच्या हळदीला आली. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी; मांडव, डीजे, वडे-मटण, अख्खं गाव. गर्दीत तिनं वाढप्या पोराकडे पाण्याची बाटली मागितली आणि 'बॉटल'मधला ट गिळला. लीड्सकडे तो असाच घशात गिळतात. शेजारच्या काकीनं ऐकलं आणि मांडवभर ऐकू जाईल असं ओरडली, "आली गो इंग्लंडची रानी!" हशा झाला. पोरगीही हसली. पण मग रात्रभर ती कोणाशी दोन वाक्यांच्या वर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मला फोन करून म्हणाली, "मॅडम, मी मारत नव्हते हो. आलं ते."

येतंच ते. काकीला माहीत नव्हतं, पण खऱ्या इंग्लंडच्या राणीचंही तसंच झालं होतं. एलिझाबेथ राणीची नाताळची भाषणं दरवर्षी ध्वनिमुद्रित होत; १९५० च्या दशकातली आणि १९८० च्या दशकातली भाषणं संशोधकांनी ताडून पाहिली, तेव्हा तिचे स्वर तिच्या प्रजेतल्या, दक्षिण इंग्लंडच्या सर्वसामान्य बोलणाऱ्यांच्या दिशेनं सरकलेले आढळले. हा अभ्यास २००० साली 'नेचर'मध्ये छापून आला. जिच्या नावानं त्या इंग्रजीला ओळखतात तिचाच ॲक्सेंट टिकला नाही, आणि तिनं काही माझ्यासारखीकडे क्लास लावला नव्हता. पुढे २०१९ मध्ये त्याच विषयातला आणखी एक अभ्यास आला: अंटार्क्टिकावरच्या ब्रिटिश तळावर हिवाळाभर एकत्र अडकलेल्या अकरा जणांचा. काही महिन्यांत त्यांचे उच्चार सूक्ष्म का होईना, सरकले. माणसं एकत्र राहिली की आवाज एकमेकांना लागतात, जसा एकाच डब्यात ठेवलेल्या पापडांना मसाल्याचा वास.

मग ओळखीचा आणि ॲक्सेंटचा काही संबंधच नाही, असं म्हणायचं का? तसं म्हणता येत नाही. विल्यम लबाव या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं १९६३ साली मार्थाज व्हिनयार्ड या बेटावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. उन्हाळ्यात मुख्य भूमीवरचे श्रीमंत पाहुणे तिथं लोटायचे, घरं विकत घ्यायचे. ज्या बेटवासीयांना ते खुपत होतं आणि ज्यांना बेटावरच राहायचं होतं, त्यांच्या बोलण्यात बेटाचे जुने स्वर अधिक ठळक झालेले लबावला दिसले. ज्यांना बेट सोडायचं होतं त्यांच्यात कमी. म्हणजे आपण कोणाचे, हे माणूस तोंडातून दाखवतो. मला हा अभ्यास वाचताना आमची गावं आठवली. टॉवर वर गेले, गावठाण खाली राहिलं, आणि आज आगरी गाणी, आगरी रील हे सगळं आमच्या पोरांच्या मोबाइलवर जोरात वाजतं. माझ्या पिढीनं लपवलेला 'मना' माझा भाचा मुद्दाम, पनवेलच्या कॉलेजात, छाती काढून बोलतो. छानच आहे ते. पण लबावच्या गोष्टीतून पुष्कळ जण अर्धंच उचलतात. स्वर कोणाचे तरी असल्याची खूण असतात. पण एका माणसाला एकाच ठिकाणचं असण्याची सक्ती त्यात कुठं आहे? लीड्सच्या वॉर्डात रात्रपाळ्या काढलेली मुलगी थोडी त्या वॉर्डाचीही झाली आहे. ट गिळला यानं तिच्यातली तळवली वजा होत नाही.

दुसऱ्या टोकाचे लोक मला वर्गातच भेटतात. शिकलेले, वाचणारे. ते म्हणतात, आम्ही का बदलायचं? ऐकणाऱ्यानं कान बदलावा, हे सगळं वसाहतवादी ओझं आहे. त्यांच्या म्हणण्यात खोट नाही. शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१० साली दाखवून दिलं की 'जिराफ उंटापेक्षा जास्त दिवस पाण्याविना राहू शकतो' अशा प्रकारचं साधं विधान परक्या ॲक्सेंटमध्ये ऐकलं की ऐकणाऱ्यांना ते कमी खरं वाटतं. आणि बोलणारा फक्त दुसऱ्यानं लिहिलेलं वाचतोय हे सांगितलेलं असतानासुद्धा. कानाला कष्ट पडले, की मन बोलणाऱ्याला खोटा ठरवतं. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याला इंग्लंडमध्ये फक्त न कळण्याची नाही, न पटण्याचीही किंमत मोजावी लागते. हा अन्याय आहे, आणि तो दूर करायचं काम तिथल्या कानांचं आहे. पण पुढच्या महिन्यात विमानात बसणाऱ्या मुलीला मी "जग बदलेपर्यंत थांब" असं सांगू शकत नाही. तिचं कर्ज माझ्या तत्त्वावर चालत नाही.

तंत्रज्ञानानं यावर काढलेला तोडगा मला सगळ्यांत वाईट वाटतो. २०२५ च्या सुरुवातीला टेलिपरफॉर्मन्स या मोठ्या कॉल सेंटर कंपनीनं जाहीर केलं की तिच्या भारतातल्या कर्मचाऱ्यांचा ॲक्सेंट सॅनस नावाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर बोलता बोलताच मऊ करून ग्राहकाला ऐकवील. आम्हाला निदान काहीतरी शिकवलं होतं. ते शिकलेलं माझ्याकडे राहिलं, त्यावर आज माझं घर चालतं. इथं पोरगी बोलणार एक, पलीकडच्याला ऐकू येणार दुसरंच, आणि तिच्या जिभेवर त्यातलं काहीही उरणार नाही. ज्या कानानं थोडं शिकायचं होतं त्यालाही सुट्टी.

तरी परदेशातल्या कानांपेक्षा माझा राग इथल्या तोंडांवर जास्त आहे. न्यूजर्सीहून नातू येतो. तिथल्या मराठी मंडळींनी रविवारच्या मराठी शाळा चालवल्या आहेत. त्यांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासूनचं, लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ चं. एवढी खटपट करून शिकलेला तो नातू नौपाड्यातल्या जेवणाच्या टेबलावर म्हणतो, "आजी, मला वरण पाहिजे." त्याचा र अमेरिकी, जीभ कुठंच न टेकलेला. मावशी म्हणते, "अय्या, परत बोल ना!" काका मोबाइल काढतो. तो दुसऱ्यांदा बोलतो, सगळे हसतात. तिसऱ्यांदा तो इंग्रजीतून मागतो. पुढच्या सुट्टीत मराठी नाहीच. मग आपण हळहळतो, की तिकडच्या पोरांना मराठी येत नाही. त्या र मध्ये मराठी मेलेली नव्हती. तिला आपण टेबलावर मारलं, तुपाच्या वाटीशेजारी.

काकीनं हळदीत केलं तेही हेच, आणि माझ्या बाईंनी फळ्यापाशी केलं तेही. बोलणं बदललेल्या माणसाला परत यायला वाट हवी असते. ती वाट असली तर माणूस दिवसातून चार वेळा ये-जा करतो, त्याला काही होत नाही. ती बुजते ती हसण्यानं. लीड्सनं त्या मुलीच्या तोंडात एक ट घातला असेल. तिला आपल्याच मांडवात गप्प बसवलं ते आपण.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ सालचं सिनेगॉग आहे, बेने इस्राएल या ज्यू समाजाचं प्रार्थनास्थळ. शेकडो वर्षं कोकणात राहून हे लोक मराठी बोलू लागले, गावांवरून 'कर' लावलेली आडनावं घेतली, बायबलमधल्या कथांवर मराठीतून कीर्तनं केली. मग इस्राएल झालं आणि त्यांच्यातले बहुतेक तिकडं गेले, लोदला, दिमोनाला. तिथं हिब्रू आली. मराठीवर हिब्रूचा हेल चढला असणार, दुसरं काय होणार? तरी तिथून मायबोली नावाचं मराठी नियतकालिक निघालं, आणि नवस फेडायचा तर पोहे-खोबऱ्याचा मलिदा आजही होतो. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणानं त्यांना शनिवार तेली म्हटलं होतं. बोली बदलली तरी शनिवार राहिला, पुढे देश बदलला तरी मलिदा राहिला. ओळख कुठं मुक्काम करील हे आधी सांगता येत नाही. ती जिभेच्या टोकावरच राहील असं धरून चालणारे तिला फार लहान घर देतात.

आता नावाचं. इथं मी तडजोड करत नाही, आणि मला मान्य आहे की यात माझ्या 'रेचल'चा सूड आहे. म्हात्रे, ढवळे, भोईर अशी माझी मंडळी तिकडं जाऊन पहिल्या आठवड्यात स्वतःच म्हणतात, "कॉल मी मॅट." उच्चार ही दोघांच्या मधली जागा आहे, तिथं थोडं तुम्ही सरका, थोडं त्यांनी सरकावं. नाव ही तुमची जागा आहे. त्यांना ळ येणार नाही, नाही येऊ दे, ढवलेवर भागवा. पण ढवळेचं 'डेव्ह' तुम्ही आपणहून करून देऊ नका. मी शेवटच्या तासाला प्रत्येकाला स्वतःचं आडनाव परक्याला शिकवायची तालीम करायला लावते. कागदाची तीच पट्टी, या वेळी समोरच्याच्या तोंडापुढे.

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. शाळेत गेली नाही, विमान तिनं घराच्या गच्चीवरून पाहिलंय. मागच्या महिन्यात तिचे गुडघे दाखवायला वाशीला नेलं. डॉक्टरसमोर बसली आणि पदर सारखा करून म्हणाली, "डॉक्टर, मला जिना चढताना कळा येतात." मला. स्वच्छ, पुस्तकी, ळ सकट. मी थक्क होऊन बघत राहिले. हे तिला कुणी शिकवलं, कधी शिकवलं, कोण जाणे. बाहेर आलो, रिक्षा केली. कोपरखैरणे मागे पडलं तशी तिनं चपला काढून पाय वर घेतले आणि म्हणाली, "मना भूक लागलीय." मी "मना पन" म्हणायला गेले. तोंडातून आलं, "मला पण."

तिनं पिशवीतून भाकरी काढली, अर्धी मोडून माझ्या हातात दिली.